एक वाजून चौतीस मिनिटं

अण्णांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्यांच्या धंद्यात हा गुणच समजला जायचा. कुलूपवाला भोळा असून कसं चालेल? बाजारामागच्या गल्लीत त्यांचं आणि धाकट्या भावाचं दुकान होतं. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या बनवायच्या, कुणाचं दार अडकलं तर जाऊन उघडून द्यायचं. धाकटा पन्नाशी ओलांडलेला, पण सगळं जग त्याला बारक्याच म्हणायचं. अण्णा टेबलाशी बसायचे, बारक्या हत्यारांची पिशवी घेऊन दारोदार फिरायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि या तीस वर्षांत दोघांत भांडण झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही, रोज व्हायचं. पण संध्याकाळी शटर ओढताना एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, हे ठरलेलं.

दुकानाचा जीव होता तो एका रजिस्टरमध्ये. किल्लीला दात असतात आणि त्या दातांचा एक आकडा असतो. तो आकडा हाती असला की मूळ किल्ली न बघता नवी बनवता येते. कुणाची किल्ली हरवली तर बिचाऱ्याचं दार फोडायला लागू नये, म्हणून अण्णांनी हजारभर घरांचे आकडे नावपत्त्यासकट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. म्हणजे ते रजिस्टर ज्याच्या हाती पडेल त्याला अर्ध्या गावाची दारं उघडी. अण्णांना दुसऱ्या कशाची भीती नव्हती, पण या एका गोष्टीच्या भीतीने ते झोपेत दचकायचे.

आणि नेमकं लेकीने येऊन सांगितलं, की बाबा, तुमच्या कॉम्प्युटरची सिस्टिम म्हातारी झाली.

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे सगळं लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवर चालायचं. "कंपनीने तिची डागडुजी बंद केलीय," ती म्हणाली. "भोकं पडली तरी आता कुणी बुजवणार नाही. लिनक्स घाला. फुकट आहे."

झालं! 'फुकट' हा शब्द ऐकला आणि अण्णांच्या मनात पाल चुकचुकली.

"फुकट कोण देतं गं? आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा असेल."

"तसं नाही हो. जगभरातली माणसं मिळून बनवतात. आतली रचना सगळ्यांना उघडी असते, कुणीही वाचावी."

"म्हणजे कुलपाचं पोट चोरालाही माहीत?"

"पोट माहीत असलं म्हणून किल्ली मिळते का, बाबा? हे मी तुम्हाला सांगायचं?"

यावर अण्णांनी तिला चहा करायला पाठवलं.

पण भीती मोठी होती, म्हणून शेवटी ते शोधायला बसले. आणि बघतात तर काय, लिनक्स एक नाहीच! मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन... शंभर नावं, आणि प्रत्येकाला म्हणे डिस्ट्रो म्हणायचं. एकच माल इतक्या वेगवेगळ्या डब्यांत का भरलाय? कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांनी एका चर्चेच्या पानावर विचारलं, की नवशिक्याने कोणतं घ्यावं. तासाभरात तिथे दहा माणसं एकमेकांच्या उरावर बसली. हे घ्या, ते घेऊ नका, तुम्हाला काय अक्कल आहे. अण्णा गालातल्या गालात हसले. बाजारात दोन चोर खोटं भांडण लावतात आणि गर्दी बघायला थांबली की तिसरा खिसे कापतो, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांनी आधी खिसा चाचपला आणि मग पान बंद केलं.

शेवटी लेकीनेच एका रविवारी येऊन मिंट घातलं. "सुरुवातीला हे सोपं. आवडलं नाही तर बदला. नावं वेगळी असली तरी आतलं यंत्र तेच आहे." जुनी सिस्टिमही तिने तशीच ठेवली; कॉम्प्युटर सुरू करताना कोणती हवी ते निवडायचं. तिची पाठ वळताच अण्णांनी आपली तटबंदी सुरू केली. पहिलं म्हणजे इंटरनेटची वायर उपसून काढली. दार असेल तरच चोर येईल ना! मग पडद्याच्या खालच्या पट्टीवर बारीकसारीक चित्रं बसली होती, त्यांच्याकडे मोर्चा वळवला. हे काय, ते काय, कुणाला ठाऊक. कुणास ठाऊक कोण कुठून डोकावत असेल! एकेक करून सगळी काढून टाकली. त्यात घड्याळही गेलं. घड्याळ काय, समोर भिंतीवर होतंच की.

मग शिकणं सुरू झालं. रोज सकाळी पावणेआठला दुकान उघडलं की बारक्या कामावर निघायचा आणि गिऱ्हाईक येईपर्यंत अण्णा तास-अर्धा तास लिनक्स गिरवायचे. आदल्या दिवशीच्या किल्ल्या रजिस्टरमध्ये चढवायच्या आणि मग टर्मिनल उघडायचं. टर्मिनल म्हणजे काळा पडदा. त्यावर हुकूम लिहायचा आणि यंत्राने ऐकायचं. पहिल्यांदा त्याने पासवर्ड मागितला तेव्हा अण्णा टाइप करतायत आणि पडद्यावर काहीच उमटेना, साधा ठिपकासुद्धा नाही. अण्णांनी घाबरून मशीनच बंद केलं. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "मागे उभ्या असलेल्याला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून तसं असतं." त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांना लिनक्स जरा आवडलं. हे करणारा कुणीतरी आपल्यासारखाच संशयी असणार, असं त्यांना वाटलं.

महिन्याभरात ते बरंच शिकले, आणि तिथेच घोटाळा झाला. माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला की त्याला आरसा दाखवायची सोय राहत नाही. त्यांना एक हुकूम सापडला: तो दिला की फायलींची यादी यायची आणि प्रत्येक फायलीला शेवटचा हात कधी लागला ती वेळ दिसायची. अण्णांनी सकाळी कामाला हात लावण्याआधी तो देऊन पाहिला. रजिस्टरपुढे लिहिलं होतं: काल, तेरा चौतीस.

एक वाजून चौतीस मिनिटं. त्या वेळी अण्णा घरी होते. रोज एक ते तीन ते घरी जेवून आडवे व्हायचे. दुकानात त्या वेळी एकटा बारक्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पुन्हा पाहिलं, तर काल तेरा एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशी, तेरा एकोणतीस. तिन्ही वेळा त्यांनी चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवल्या.

चौथ्या दिवशी सापळा लावला. कुलपात घालायची पेन्सिलीच्या शिशाची काळी भुकटी असते, तिची चिमूटभर कीबोर्डवर भुरभुरली आणि जेवायला गेले. तीनला येऊन पाहतात तर भुकटी जशीच्या तशी. दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. अण्णा म्हणाले, अस्सं! बारक्याही कुलूपवालाच. काम झाल्यावर भुकटी परत पसरायला त्याला कितीसा वेळ लागतो? आणि पाचव्या दिवशी सकाळी यादीत पुन्हा आदल्या दुपारची वेळ होतीच. म्हणजे भुकटी खोटी, यंत्र खरं.

घरी बायको म्हणाली, "जेवत का नाही नीट? काय झालंय?" अण्णांनी सांगितलं. ती हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. "भाऊजी?" ती म्हणाली. "अहो, साप साप म्हणून भुई धोपटू नका. त्यांना सरळ विचारा ना."

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"भाऊजींना चोर म्हणताय तुम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी सकाळी बारक्या पिशवी भरत होता. अण्णांनी चिठ्ठी त्याच्यापुढे टाकली.

"रजिस्टर कुणाला दाखवतोस?"

"कुठलं रजिस्टर?" बारक्या हसला. त्याला वाटलं नेहमीचीच काहीतरी कुरबुर असेल.

"या वेळा बघ. मी घरी असतो तेव्हा कोण उघडतं ते? पासवर्ड कुठून मिळवलास? माझी बोटं बघून?"

बारक्याचं हसू मावळलं. "अण्णा, मला ते मशीन सुरू कसं करायचं तेही माहीत नाही."

"असंच म्हणतो चोर."

शब्द गेला तोंडातून. कुलूपवाल्याला शिवी द्या, चालेल. हा एक शब्द चालत नाही. या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव बुडतं आणि माणूस उपाशी मरतो.

"मी खोटं बोलतोय?" बारक्याने हळू आवाजात विचारलं.

"यंत्र खोटं बोलत नाही."

बारक्याने पिशवीतली हत्यारं एकेक करून परत फळीवर लावली. दुकानाची त्याच्याकडची किल्ली कंबरेच्या जुडग्यातून सोडवायला त्याला वेळ लागला, कारण तीस वर्षांत ती कधी काढलीच नव्हती. ती त्याने चिठ्ठीवर ठेवली आणि निघून गेला. अण्णा मनात म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा. पण त्या संध्याकाळी शटर एकट्याने ओढताना ते तिरकं अडकलं, आणि बराच वेळ काही केल्या खाली येईना.

चार दिवस गेले. बारक्या आला नाही. पाचव्या दिवशी लेकीला सुट्टी होती. आईने फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून ती घरी न जाता थेट दुकानातच आली.

"दाखवा मला," तिने पिशवीही खाली ठेवली नाही.

आज रजिस्टरला अजून हात लागला नव्हता. अण्णांनी ऐटीत हुकूम देऊन दाखवला. काल, चौदा दोन.

"बघ! आता तर तो येतही नाही, तरी..." आणि अण्णा बोलता बोलता थांबले. काल दुपारी दुकानाला कुलूप होतं. त्याच्या दोन्ही किल्ल्या अण्णांच्या खिशात होत्या.

लेकीने पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "बाबा, इथलं घड्याळ कुठे गेलं?"

"काढलं. भिंतीवर आहे की."

"आणि इंटरनेटची वायर?"

"तीही."

तिने घड्याळ परत जागेवर बसवलं. पडद्यावर उमटलं: सोळा वीस. भिंतीवर दहाला दहा मिनिटं कमी... नाही, अण्णांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, अकराला दहा कमी. दोन्हींत बरोब्बर साडेपाच तासांचा फरक.

"मशीनच्या पोटात एकच घड्याळ असतं," लेक म्हणाली. "जुनी सिस्टिम ते इथल्या वेळेचं समजून वाचते. लिनक्स ते जगाच्या सामायिक वेळेचं समजतं आणि आपले साडेपाच तास वर घालतं. वायर लावलेली असती तर त्याचं त्याने दुरुस्त केलं असतं. घड्याळ समोर असतं तर पहिल्याच दिवशी तुम्हाला दिसलं असतं."

अण्णांनी खिशातून चिठ्ठी काढली. तेरा चौतीसमधून साडेपाच तास गेले, आठ चार. आठ अकरा. सात एकोणसाठ. रोज सकाळी त्या वेळी रजिस्टरमध्ये किल्ल्या कोण चढवत होतं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. इतके दिवस त्यांनी जो चोर धरला होता, तो ते स्वतःच होते.

"काकांकडे जा," लेक म्हणाली. "मी बसते दुकानात."

वाटेत अण्णांनी दहा वाक्यं जुळवली. यंत्राचं घड्याळ, जगाची वेळ, वायर, सगळं समजावून सांगायचं. बारक्यानेच दार उघडलं. दाढी वाढलेली. अण्णांनी चिठ्ठी पुढे केली आणि भडाभडा बोलून टाकलं. बारक्याने शेवटपर्यंत ऐकलं. चिठ्ठीला हात लावला नाही.

"म्हणजे यंत्र चुकलं."

"यंत्र नाही रे, मी चुकलो. माझं चुकलं, बारक्या."

"ते कळलं म्हणून आलास."

"हो."

"आणि यंत्र बरोबर निघालं असतं तर? आला असतास? एकदा तरी विचारायला, की बारक्या, असं का केलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जमलं नाही.

"नसतो आलो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले.

बारक्याने चौकटीला हात टेकवला. मग म्हणाला, "उद्या येतो कामावर. मला दुसरं काही येत नाही, आणि तुला शटर ओढता येत नाही." अण्णांनी घाईघाईने खिशातून दुकानाची किल्ली काढून पुढे केली. बारक्याने मान हलवली. "ती तुझ्याकडेच राहू दे."

"असं नको करू रे."

"रागाने नाही म्हणत, अण्णा. पुन्हा कधी कुठलं घड्याळ चुकलं, तर त्या वेळी मी आत एकटा नको."

बारक्या खरंच दुसऱ्या दिवशी आला. आताही येतो, भांडतोही पूर्वीसारखा. पण दुपारी एक वाजला की हातातलं काम अर्धं टाकून अण्णांच्या आधी बाहेर पडतो, आणि तीनला अण्णा येऊन कुलूप उघडेपर्यंत रस्त्यावर उभा राहतो.