समुद्राला मागे सारणारा बाबा

“सरक! मागे सरक!” बाबा ओरडला आणि किनाऱ्यावरच्या हजारभर माणसांनी श्वास रोखला. तासाभरात समुद्र खरोखरच दोनशे पावलं मागे गेला. जयजयकार करत माणसं उघड्या पडलेल्या वाळूत शिंपले वेचायला धावली. त्या झुंडीत सर्वांत पुढे आपली आई आणि तिच्या बोटाला धरून आपली सहा वर्षांची लेक, हे पाहून पट्टीबाई गर्दीतून वाट काढत पुढे निघाली.

बंदरात पाण्यात रोवलेल्या पट्टीवरून भरती-ओहोटीची नोंद ठेवायची, हे तिचं काम. त्यावरूनच गावानं तिला हे नाव चिकटवलं होतं.

“त्सुनामी आली तरी घाबरू नका, लेकरांनो!” पाण्याच्या काठाशी मांडलेल्या आसनावरून बाबा गोड गोड बोलत होता. “आधी समुद्र असाच मागे जाईल. ती माझी हाक समजा आणि बिनधास्त आत या. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!”

सोंगंढोंगं तिनं पुष्कळ पाहिली होती. पण पोराबाळांना मरणाच्या तोंडात चालत जायला शिकवणारा हा पहिलाच. तिला किळस आली. त्यातच बाबाचा शिष्य दिसला. मासेमार आहे सांगून दर वर्षी तिच्याच कचेरीच्या खिडकीतून भरती-ओहोटीच्या वेळांची पुस्तिका नेणारा हाच तो! तिनं त्याच्या झोळीत हात घालून पुस्तिका बाहेर काढली. वर तिच्याच कचेरीचा शिक्का होता.

“काय हो बाबा, तुमचा चमत्कार नेहमी अमावास्या-पौर्णिमेलाच कसा? तेव्हाच ओहोटी सगळ्यांत मोठी असते म्हणून ना? आजची सहा वाजून दहा मिनिटांनी संपते, इथे छापलंय. मग पाणी फिरेल. ते एक तासभर थोपवून दाखवा, जन्मभर तुमचे पाय चेपीन.”

“नास्तिकांपुढे समुद्र रुसतो!”

“रुसायलाही वेळापत्रक बघतो वाटतं!”

कुणीतरी फिसकन हसलं. सातच्या सुमाराला पाणी आसनाखाली शिरलं आणि बाबानं वस्त्र गुडघ्यावर धरून धूम ठोकली.

“अगं, मग त्सुनामी कळते तरी कशी?” आईनं विचारलं.

“भूकंपानं समुद्राचा तळ वर-खाली झाला की वरचं सगळं पाणी ढकललं जातं, तीच ती लाट. भूकंप कधी होईल हे शास्त्रज्ञांनाही आधी सांगता येत नाही. पण झाला की यंत्रांना मिनिटांत कळतं. खोल समुद्रातली यंत्रं पाण्याचा दाब मोजतात, आम्ही बंदरात पाणी मोजतो, आणि लाट कुठे कधी पोचेल याचं गणित मांडलं जातं. मग भोंगा वाजतो. पण जमीन जोरात हादरली, किंवा ओहोटीची वेळ नसताना पाणी झपाट्यानं मागे गेलं, तर भोंग्याचीही वाट बघायची नाही. टेकडी गाठायची.”

“पण आजी म्हणाली, पाणी मागे गेलं की आत पळायचं,” लेक म्हणाली.

आईच्या पदरातले शिंपले खाली सांडले. तिनं नातीला घट्ट कवटाळलं.

इतक्यात एक म्हातारा पुढे आला आणि वाकून पट्टीबाईचे पाय धरू लागला. “बाई, समुद्र तर तुमचंच ऐकतो!”

ती चटका बसल्यासारखी मागे सरली. “नाही हो आजोबा! मी फक्त छापलेलं वाचलं. पुस्तिका माझ्या खिडकीत फुकट मिळते. न्या, घड्याळ घेऊन काठावर बसा, ताडून बघा. माझं चुकलं तर तोंडावर सांगा. पण कुणाच्या पायाशी वाकू नका. खाली वाकलेल्याला लाट दिसत नाही.”