अग्नियाबाईंच्या जळवेची बरणी

मित्रांनो, माझे बूड जाड आहे, गळा आखूड आहे आणि बूच घासून बसवलेल्या काचेचे आहे. माझ्या भट्टीतल्या बहिणी औषधांच्या दुकानांत गेल्या. त्यांची पोटे रोज भरली, रोज रिकामी झाली. मी रशियातल्या पर्म शहराच्या विद्यापीठात आले, प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात, आणि माझ्या पोटात एकच पाहुणी आली ती कायमची. ती एक करडी जळू आहे, बोटाच्या पेराहून लहान. तिच्यासारखी दुसरी जळू जगातल्या कुठल्याच बरणीत नाही. ही फुशारकी नव्हे. हे वाक्य खरे ठरवायला एका बाईंचे अर्धे आयुष्य गेले.

त्या बाई म्हणजे अग्निया सावेल्येव्ना ओशेपकोवा. वडील कामा नदीवर लाकडांचे तराफे हाकणारे. मुलगी शिकायला शहरात आली ती त्यांचाच कोट घालून. वर्गातल्या बाकीच्यांनी अभ्यासाला असे प्राणी निवडले की ज्यांची नावे गावी सांगता येतील. हिने जळवा घेतल्या. वसतिगृहातली मैत्रीण म्हणाली होती, "अगं, अस्वल घे. अस्वलवालीला लग्नाच्या पंगतीत तरी मान मिळतो."

"अस्वलामागे मला धावावं लागेल," अग्निया म्हणाली. "जळू माझ्यामागे येते."

पुढे ती शिकवू लागली, पहिली पदवी मिळाली, मुले तिला बाई म्हणू लागली. युद्ध संपल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, नदीच्या वरच्या अंगाला, खडकाळ पाण्यात कोळ्यांनी स्टर्लेट मासे काढले. एकाच्या कल्ल्याखाली ही जळू चिकटलेली होती. बाईंनी ती भिंगातून पाहिली, मासा घेऊन निघालेल्या कोळ्याला थांबवले आणि तो हसत असताना चिमट्याने जळू सोडवून घेतली. मी तेव्हा त्यांच्या पिशवीत होते. त्यांनी माझ्यात स्पिरिट ओतले, जळू सोडली आणि शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठीही आत सोडली: जागा, मासा, खोली, तारीख. शाई स्पिरिटात विरघळते, शिसे विरघळत नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मग कामा नदीवर धरण झाले. खडकाळ पाणी शांत, खोल पाण्याखाली गेले. बाई दर उन्हाळ्यात जात, कोळ्यांच्या जाळ्यातला एकेक मासा उलटापालटा करत. मासे स्वच्छ निघत. मोठ्या पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा कणा ही एक जळू होती.

आता स्पिरिटाविषयी सांगते. ते म्हणजे कडक दारूच. सरकार ते आमच्यासाठी पाठवी आणि आमच्यासकट सर्वांना ते आवडे. नळ दुरुस्त करणारा मजुरीऐवजी स्पिरिट घेई, काच बसवणारा घेई, मोटार चालवणारा तर कामाआधीच घेई. मी कोणाला नावे ठेवत नाही, फक्त पातळी सांगते. विभागप्रमुख पोर्फिरी निकान्द्रोविच लुनेगोव यांची खोली कपाटाला लागून होती. पक्ष्यांचे मोठे जाणकार, मनाने चांगला माणूस. त्यांची बायको वारल्यापासून आमच्या कपाटाचे दार जास्त वाजू लागले होते.

मे महिन्याच्या सणानंतर माझ्या शेजारच्या बरणीतला बेडूक कोरडा ठणठणीत सापडला. प्रयोगशाळेतली मदतनीस लुकेर्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, बेडूक काही स्वतः प्यायला नाही."

"मला ठाऊक आहे."

"मग बोला ना सरांशी."

"बोलले तर त्यांना लाज वाटेल. आणि लाज वाटली की ते आणखी पितात."

बाईंनी कागद घेतला, ठळक अक्षरांत 'फॉर्मालिन' असे लिहिले, भोवती लाल चौकट काढली आणि माझ्या पोटावर चिकटवले. फॉर्मालिनमध्येही नमुने टिकतात, पण ते विषारी; कितीही तहान लागली तरी कोणी पीत नाही. त्या दिवसापासून माझी पातळी केसभरही हलली नाही. बाईंचा माणसांचा अभ्यासही जळवांइतकाच पक्का होता, असे तेव्हा मला वाटले.

प्रबंधाच्या परीक्षेचा दिवस आला. सभागृह भरले. लेनिनग्राडहून आलेले परीक्षक अर्नोल्द गुस्तावोविच, सडपातळ आणि चष्मा सारखा पुसणारे, म्हणाले, "नमुना पाहू." मला हिरव्या कापडाच्या टेबलावर ठेवले. त्यांनी लेबल वाचले, बूच काढले, वास घेतला.

"हे फॉर्मालिन नाही."

"नाही. स्पिरिट आहे," बाई म्हणाल्या.

"मग असं का लिहिलंय?"

"टिकावं म्हणून."

मागच्या रांगांत हशा पिकला. तिथे बसलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या विभागातला होता, त्याला समजावून सांगावे लागले नाही. परीक्षक मात्र हसले नाहीत.

"अग्निया सावेल्येव्ना, तुमच्या नव्या जातीचा एकच नमुना आहे. तो सापडला ती जागा पाण्याखाली गेली. म्हणजे आमच्या हाती उरली ती तुमची लेबलं. आणि पहिलंच लेबल खोटं निघालं. आतली चिठ्ठी खरी कशावरून?"

हशा थांबला. मित्रांनो, मला बाईंचे हात दिसत होते. एक नाव घेतले असते तर त्या सुटल्या असत्या. नावाचा मालक पहिल्या रांगेत बसला होता.

"बाहेरचं लेबल माणसांसाठी होतं," त्या म्हणाल्या. "आतली चिठ्ठी जळवेसाठी आहे."

"हे उत्तर नव्हे."

"नव्हे," बाईंनी मान्य केले.

तेव्हा पोर्फिरी निकान्द्रोविच उठले. उठताना त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"कॉम्रेड अध्यक्ष, माझी एक नोंद घ्या. माझी खोली त्या कपाटाला लागून आहे. ज्या बरण्यांवर 'स्पिरिट' लिहिलंय त्या अर्ध्या झाल्यात. बेडूक तर वाळलाच. ही एकटी काठोकाठ भरलेली आहे. म्हणजे बाईंचा प्रयोग यशस्वी झाला."

"प्रयोग कोणावर केला?" परीक्षकांनी विचारले.

"माझ्यावर."

नोंद घेणाऱ्या बाईंची लेखणी थांबली. अध्यक्षांनी खाकरून विचारले, "हे लिहायचं का?"

"लिहा," पोर्फिरी निकान्द्रोविच म्हणाले आणि बसले.

अर्नोल्द गुस्तावोविचनी चष्मा पुसला, परत पुसला. "आमच्याकडे मी 'विष' लिहितो," ते म्हणाले. "तरी पितात. माझी हरकत मी मागे घेतो."

मतदान झाले. दोन मते विरोधात पडली, बाकी सगळी बाजूने. पदवी मिळाली, जळू मान्य झाली. पाने पडायच्या दिवसांत पोर्फिरी निकान्द्रोविचना 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त करण्यात आले, आणि त्यांची खुर्ची बाईंना मिळाली. खोलीत शिरल्यावर त्यांनी ओले फडके घेऊन माझ्यावरचे लेबल खरवडले आणि नवे लावले: 'स्पिरिट'.

"आता परत पितील," लुकेर्या म्हणाली.

"प्याले तर मी पुन्हा ओतेन."

जळवेचे वर्णन छापून आले तेव्हा शास्त्रीय नावात बाईंनी लुनेगोव हे आडनाव घातले होते. म्हातारबुवा अंक घेऊन आले. बाईंनी चहा दिला, मुरंबा दिला.

"माझं नाव जळवेला?" ते म्हणाले. "लोक म्हणतील, शोभून दिसतं."

"म्हणू देत. नाव बदलता येत नाही, तसा नियमच आहे."

मग त्यांनी कपाटाकडे पाठ करून चहा घेतला.

बाईंनी पुष्कळ वर्षे शिकवले. त्यांच्या हाताखालून निघालेली माणसे सायबेरियापर्यंत जळवा मोजत फिरली. दर वर्षी पहिल्या तासाला त्या मला वर्गात नेत, प्रत्येकाला वास घ्यायला लावत आणि विचारत, "आत काय आहे?" उत्तर बरोबर आले की मगच पुढचा धडा.

त्या गेल्यावर कपाट तळघराच्या बोळात हलवले. आता येथे कोणी पीत नाही, कारण कोणी दारच उघडत नाही. पिणारे निदान किल्ली तरी शोधत. माझ्या बुचाभोवतीचे ग्रीस वाळले आहे आणि स्पिरिट आपले आपणच उडते आहे. जळवेची मागची चूषकी, म्हणजे चिकटायची वाटी, उघडी पडली आहे. तोंडाकडचा भाग अजून बुडालेला आहे, आणि तिची ओळख त्याच भागावरून पटते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असे एखादे कपाट असेल. तुमच्या बाईंकडून त्याची किल्ली मागून घ्या, त्यांना बरोबर न्या आणि प्रत्येक बरणीची पातळी पाहा. ती खाली गेली असेल तर त्यांना ती भरायला सांगा. आत काय आहे ते खरे लिहा, शिसपेन्सिलीने लिहा. आमच्यातल्या काहींजवळ अशी गोष्ट आहे, की जी नदी आता पुन्हा देऊ शकणार नाही.