सरळबाबांची तार

भाड्याच्या हॉलात मुंगी शिरायला जागा नव्हती. सरळबाबांनी एक तार बोटाभोवती गुंडाळून तिचं पार वेटोळं केलं, वाफाळत्या पातेल्यात सोडली आणि डोळे मिटले. तार सुईसारखी ताठ झाली. माणसं हुंदके देऊ लागली.

"लोखंड ऐकतं," बाबा म्हणाले, "मग हाड का नाही ऐकणार? फक्त, दोन उपचार एका अंगात नांदत नाहीत."

म्हणजे डॉक्टर सोडा. तसं स्पष्ट ते कधी बोलत नसत. कायदा त्यांना चांगला कळत होता.

पहिल्या रांगेत लाँड्रीतली इस्त्रीवाली बसली होती, मांडीवर तान्ही लेक. लेकीचं एक पाऊल जन्मतः आत वळलेलं. इस्पितळात दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून ते थोडं थोडं सरळ करत होते. तिनं ते थांबवलं. सगळी हयात तिनं एकच पाहिलं होतं : वाफ दिली की चुणी जाते. तिला बाबांचं पटायला वेळ लागला नाही. बाबांनी दिलेली तार ती रोज लेकीच्या पावलावरून फिरवायची.

रविवारी नणंद आली. ती दातांची डॉक्टर.

"वहिनी, प्लास्टर कुठं गेलं?"

"आता लागत नाही."

"कोण म्हणालं?"

इस्त्रीवालीनं तार दाखवली. नणंदेनं ती घेतली आणि चक्क दुमडली.

"वन्सं, अहो, पाय वाकडा होईल तिचा."

"तो आहेच." नणंदेनं तार नळाखाली धरली. दुमडलेलीच राहिली. मग किटलीतलं गरम पाणी ओतलं. तार ताठ.

"ही मी पोरांच्या दातांना बसवते. निकेल आणि टायटॅनियम. साधी तार वाकवली की अणूंचे धरलेले हात सुटतात, दुसऱ्यांचे धरले जातात, म्हणून ती वाकडीच राहते. हिच्यातले अणू हात न सोडता नुसते कलतात. ऊब मिळाली की परत उभे. बाबांचा यात हात नाही, चुलीचा आहे."

"आणि हिचं पाऊल?"

"ते तार नाही. आतली हाडं अजून मऊ आहेत, तोवर हळूहळू वळवता येतं. एकदा टणक झाली की कापाकापी."

इस्त्रीवालीनं तार पदरात बांधली. तिनं लेकीला उचललं. नवं प्लास्टर चढल्यावरच ती हॉलात गेली, हातात लाँड्रीचा वाकडा, तारेचा हँगर घेऊन.

"बाबा, हा सरळ करा."

बाबांनी तो पातेल्यात बुडवला. बाहेर आला तो वाकडा आणि गरम.

"याच्यात पाप आहे."

"हँगर आहे, बाबा. याच्यावर शर्ट असतात."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. तिनं पदरातली बाबांची तार दुमडून आपल्या बाटलीतल्या गार पाण्यात टाकली. काही नाही. मग तीच हॉलच्या वॉचमनच्या गरम चहाच्या कपात टाकली. तार ताठ उभी राहिली. वॉचमननं चहा प्यायला नाही, पण कपाला हातही जोडले नाहीत.

"चहाला कसला मंत्र येतो, बाबा?"

बाबांची समाधी लागली. शेवटच्या रांगेतल्या एका बापानं मुलाला खांद्यावर घेतलं आणि तिला हळूच विचारलं, "इस्पितळ किती वाजता उघडतं?"

ज्या बाबानं हे विचारायची वेळ आणली, त्याला माफी नाही. पण आपलंही चुकतं. आपण त्याची तार आणि त्याचंच पाणी बघतो. चमत्कार बघायला जाल तेव्हा पाणी आपलं न्या, आणि घरचा एक हँगर न्या.