पोटावर कोरलेलं गाव

"आईपाशी पोचेपर्यंत कुठे टेकायचं नाही. कळलं?"

लॉर्ना टीगने माझ्या पाठीवरून कानशीचा शेवटचा हात फिरवला आणि मला असं बजावलं. पोराला एकट्याने बाजारात धाडताना बजावतात ना, तसं.

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कासव आहे, मुठीत मावेल एवढं. मूळचा मी म्हणजे पाण्याच्या पंपाची झडप. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात कँडल स्प्रिंग नावाचं खाणीचं गाव होतं, तिथल्या पंपावर लॉर्नाचे वडील कामाला होते. खाण बंद पडली तशी माणसं दारं-खिडक्यासुद्धा उचकटून घेऊन गेली. मागे राहिली ती लॉर्नाची आई, टेकडीवरच्या कबरीत. लॉर्ना तेव्हा लहान होती. पुढे जन्मभर ती जेवणाआधी देवाचे आभार मानायची आणि मग आईचं नाव घ्यायची. त्याशिवाय घास उचलत नसे. वर्षातून एकदा जाऊन कबरीवरची वाळू झाडून यायची. म्हातारपणी खुबा मोडला, गाडी चालवणं सुटलं, आणि हा नेमही सुटला. मूलबाळ नव्हतं. मग तिने वडिलांची जपून ठेवलेली झडप कापली, घासली, मला घडवलं आणि माझ्या पोटावर कोरलं : 'मला कँडल स्प्रिंगच्या कबरीपाशी न्या. तिथे माझी आई आहे.' खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर.

आमच्याकडे एक खेळ आहे. कुणीतरी रस्त्याकडेला डबा लपवतं, त्याची जागा मोबाइलवर कळवतं, आणि बाकीचे तो हुडकत येतात. डब्यातली बारीकसारीक खेळणी अदलाबदलीची असतात. पण ज्याच्या गळ्यात क्रमांकाचा बिल्ला असतो, तो प्रवासी. त्याला ठेवून घ्यायचं नाही. त्याच्या मुक्कामाच्या दिशेने पुढच्या डब्यात सोडायचं. माझ्या गळ्यातही बिल्ला होता. खिंडीत रस्त्याकडेला त्या जागेचा इतिहास सांगणारी पाटी होती, तिच्यामागे दगडांखालच्या डब्यात लॉर्नाच्या शेजाऱ्याने मला ठेवलं.

तिथून मला उचललं ते ड्वेन आणि मार्लिस हॉकेट यांनी. हे उत्तरेकडच्या मिनेसोटाचं निवृत्त जोडपं थंडी पडली की चाकांवरचं घर घेऊन वाळवंटात उतरायचं. ड्वेन रस्त्यावरची एकही पाटी सोडत नसे. उतरायचा, टोपी काढायचा आणि शाळा भरल्यासारखा मोठ्याने वाचायचा.

"ऐक मार्लिस! या जागी एके काळी तीन नाटकघरं होती."

"आणि आता एक मोरीसुद्धा नाही. चल लवकर, मला घाई आहे."

मी त्यांना फार आवडलो. इतका, की पोटावर काय कोरलंय ते न बघताच ड्वेनने मला पक्क्या गोंदाने डॅशबोर्डवर चिकटवून टाकलं. पोट खाली, पाठ वर. डबा सापडला की तो माझा क्रमांक मोबाइलवर टाकायचा, जणू मी त्या डब्यात उतरून परत आलो. माझ्या नावावर मैलांची भर पडायची. तळावर चार गाड्या जमल्या की तो पाहुण्यांना बोलवायचा, "या, आमचं कासव बघा! तुमच्या गाडीपेक्षा जास्त फिरलंय!" लोक फोटो काढायचे. मार्लिस मला रोज फडक्याने पुसायची.

कौतुक कुणाला नको असतं? पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी सुरू झाली की वाटायचं, आज कँडल स्प्रिंगकडे वळेल. फाटा यायचा, फाटा जायचा. हिवाळ्यामागून हिवाळे गेले. मी रोज चालत होतो आणि जिथल्या तिथेच होतो. उपास करावा आणि देवाचं नावच घ्यायला विसरावं, तसं माझं झालं होतं.

या ऑक्टोबरात, गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी गजांवरून गाडी वेगात गेली. उन्हाने वाळलेला गोंद सुटला आणि मी मार्लिसच्या मांडीवर उताणा पडलो. तिने चष्मा लावला. पोटावरची अक्षरं बोटाने चाचपत वाचली.

"ड्वेन, गाडी थांबव."

"का? इथे तर पाटी नाही."

"आहे. इतकी वर्षं आपण तिच्यावर गोंद लावून बसलोय."

त्याने वाचलं आणि टोपी काढली. या वेळी मोठ्याने वाचलं नाही.

तिथूनच मार्लिसने फोन लावला. लॉर्ना आता वृद्धाश्रमात होती. आवाज अगदी बारीक झाला होता.

"म्हणजे तुम्हीच का ती माणसं? मोबाइलच्या पडद्यावर बघायचे मी, कासव कुठवर आलं ते. दोनदा गावाच्या फाट्यापाशी आलं होतं. म्हटलं, चांगली माणसं दिसतात, नेतील."

मार्लिसने मला मुठीत घट्ट धरलं. "नेते, लॉर्नाबाई. उद्याच नेते."

"दगड पांढरा आहे. पडला असेल तर उचलू नकोस, जड आहे तो. नुसती वाळू झाड."

संध्याकाळी गाडी फाट्याशी उभी राहिली. पुढे नुसती खडबडीत चाकोरी.

"हे धूड आत घातलं तर आपल्यालाच पाटी लावतील," ड्वेन म्हणाला. "'या जागी हॉकेट दांपत्य रुतलं.'"

"मी चालत जाईन."

"माझा गुडघा..."

"तू थांब. चहा करून ठेव."

मित्रांनो, आवडती वस्तू आपण पुसतो, मिरवतो, आणि त्यालाच जपणं म्हणतो. पण कुणाची वस्तू हाती आली, तर एकदा तिला उलटून बघा. ती कुणाच्या कामाला निघाली आहे, ते विचारा. तिचं काम तडीस नेणं, हेच तिला जपणं.

उजाडता उजाडता मार्लिसने बुटांच्या नाड्या बांधल्या, पाण्याच्या बाटल्या खांद्याला लावल्या, घरातला छोटा झाडू काखेत घेतला. मला सदऱ्याच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. ड्वेनने अंथरुणातूनच हात हलवला. तिने दार हळूच ओढून घेतलं आणि चाकोरी धरून चालू लागली.