कानसेनचा कान

मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. लांबीला हातभर, मूठ लाकडाची, टोक आता थोडं गोलसर झालेलं. पण मित्रांनो, मला स्क्रू पिळणाऱ्यांच्या रांगेत बसवू नका. स्क्रू काय, कुणीही पिळतं. मी ऐकण्याच्या कामाचा आहे, आणि या कामात माझ्या तोडीचा दुसरा कुणी मी अजून पाहिलेला नाही.

माझी घडणच तशी आहे. माझी पोलादी सळई मुठीत अर्धवट शिरून थांबत नाही. ती लाकडातून आरपार जाते आणि मुठीच्या बुडाशी बाहेर डोकावते. त्यामुळे टोकाला जे कळतं ते बुडापर्यंत पोचतं. दुकानात आम्ही सगळे एका फळीवर टांगलेले होतो. एक तरुण मेकॅनिक आला. तो एकेकाला उचलून टोक काउंटरवर आपटायचा आणि बूड कानाला लावायचा. दुकानदार वैतागला. म्हणाला, "अहो, स्क्रू ड्रायव्हर घेताय की कलिंगड?" मेकॅनिकनं लक्षच दिलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मात्र त्याचा चेहरा खुलला आणि तो मला घेऊन गेला. एवढी पारख करून घेतलेल्या अवजारानं थोडा तोरा मिरवला तर बिघडलं कुठं?

त्याचं गॅरेज लहान होतं. तिथं बहुतेक एकाच घाटाच्या गाड्या येत. जुन्या, गोल पाठीच्या, इंजिन मागच्या बाजूला असलेल्या. या गाड्यांच्या इंजिनाला पाणी लागत नाही. एक पंखा वारा घालतो आणि त्यावरच ते गार राहतं. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "पाणी कुठं घालायचं?" मेकॅनिक सांगायचा, "पाणी तुम्ही प्या. हिला नुसता वारा घाला."

भोवती पाणी नसल्यामुळे या इंजिनाचा आवाज दबत नाही. ते मोकळ्या गळ्यानं बोलतं आणि कुठं दुखतंय तेही सांगतं. मेकॅनिक माझं टोक इंजिनाला टेकवायचा, बूड कानाला लावायचा, आणि मी आतली खबर त्याच्यापर्यंत पोचवायचो. व्हॉल्वची टिकटिक त्याच्या विशेष आवडीची. गिऱ्हाइकं म्हणत, "ही कटकट बंद करा." तो म्हणायचा, "असू द्या. बोलणारा व्हॉल्व बरा. गप्प झाला की समजायचं, आतून जळतोय." आणि ते खरंच होतं. व्हॉल्वला हलायला केसभर जागा लागते. ती असली की तो टिकटिकतो. ती संपली की आवाज थांबतो, व्हॉल्व नीट मिटत नाही आणि धगीनं जळून जातो.

असं करता करता लोक त्याला कानसेन म्हणू लागले. गाडी कुठंही कुरकुरली तरी "कानसेनला दाखवा" हे ठरलेलं. कान त्याचा होता, पण कानापर्यंत नेणारा मी होतो. त्या नावातला निम्मा वाटा मी आजही सोडत नाही.

पुढं त्याची लेक हाताशी आली. हुशार पोरगी, हात अगदी बापावर गेलेला. नव्या गाड्यांना ती संगणक जोडते आणि गाडीचं दुखणं पडद्यावर लिहून येतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की मला खणात टाकून दिलं आणि रंगाचे डबे उघडायला काढू लागले. घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणतात ना, तसं झालं.

कानसेन मला हात का लावत नव्हता, ते फक्त मला ठाऊक होतं. त्याला ऐकू येईनासं झालं होतं. शेवटी शेवटी त्यानं मला एका कानाला लावलं, मग दुसऱ्याला. मी जीव तोडून सांगत होतो आणि तो नुसता उभा होता. त्यानं हे कुणाला कळू दिलं नाही. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण आणणार, याची त्याला धास्ती होती. गिऱ्हाईक बोललं की तो मान डोलवायचा, आणि उत्तराची वेळ आली की "लेक बघेल" म्हणून हात पुसत बसायचा. एके काळचा बडबड्या माणूस गप्प झाला. लेकीला वाटलं, वय झालं, बाबा शांत झाले.

एकदा त्याचे दोन्ही हात कामात अडकले होते, म्हणून त्यानं मला दातांत धरलं. तो वाकला आणि माझं टोक चालू इंजिनाला लागलं. तो जागच्या जागी थांबला. दातांतून जबड्यात, जबड्यातून डोक्यात, सगळं इंजिन त्याला परत मिळालं. ती टिकटिकसुद्धा. तो स्टुलावर बसला आणि त्याचे डोळे भरून आले. मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नाही.

तेव्हापासून गॅरेजात कुणी नसलं की तो मला चावून ऐकायचा. (तुम्ही मात्र चालू इंजिनाजवळ तोंड न्यायचं नाही.) माझ्या मुठीवर त्याच्या दातांचे वण उठले. एक दिवस लेकीनं मूठ त्याच्यापुढं धरली. "बाबा, उंदीर झालेत. बघा, कशी कुरतडलीय." तिच्या ओठांवरून आणि बोटावरून त्याला काय ते कळलं. "पिंजरा लावू," तो म्हणाला, आणि खरंच लावला.

मग गाणं शिकवणाऱ्या बाई आपली गोल पाठीची गाडी घेऊन आल्या. गाडी जुनी, कानसेनच्याच हाताखालची. इंजिनातून ठक ठक असा ठोका येत होता. लेकीनं तेल पाहिलं, बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"बाई, आवाज खोलातला वाटतोय. मोठं बेअरिंग गेलं असणार. इंजिन उतरवून सगळं खोलावं लागेल."

"एवढं आता या वयात माझ्याच्यानं व्हायचं नाही," बाई म्हणाल्या. "इंजिनच गेलं असेल तर भंगारवाल्याला सांगते. भाचा कधीचा मागे लागलाय." इंजिनाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "पण बाळ, हा ठोका तिच्या तालात नाही गं. इंजिन एका लयीत चाललंय आणि हा भलत्याच." मग त्या कानसेनसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही ऐका. तुम्ही म्हणाल ते मी मानीन."

बाईंच्या ओठांवरून त्याला सगळं कळलं. त्यानं मला उचललं आणि जुन्या सवयीनं कानाला लावलं. मी ओरडून सांगितलं, पण त्याला काही ऐकू आलं नाही. नुसती मान हलवून "खोला" म्हटलं असतं तर त्याचं नाव शाबूत राहिलं असतं आणि गाडी भंगारात गेली असती. बाई गाडीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या हाताकडे त्यानं पाहिलं, आणि दोघींच्या देखत मला दातांत धरलं.

इंजिनाच्या अंगावर टोक टेकलं. आत सगळं सरळ आणि गुळगुळीत. मग तो पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाकडे वळला. टोक लागताच ठोका त्याच्या दातांवर येऊन आदळला.

"पट्टा काढ," तो लेकीला म्हणाला.

लेकीनं इंजिन थांबवलं, पंखा फिरवणारा पट्टा काढला आणि पुन्हा चालू केलं. ठोका नाही. वाऱ्याशिवाय इंजिन तापेल म्हणून तिनं ते लगेच बंद केलं आणि पंखा उघडला. त्याचा नट ढिला होऊन पंखा दांड्यावर डळमळत होता. इंजिनाच्या केसालाही धक्का नव्हता.

"बाई, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "पंख्याची गती वेगळी असते, म्हणून ठोका तालाबाहेरचा." एवढं बोलून तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं, मग बापाकडे. ती त्याच्या अगदी समोर आली.

"उंदीर तुम्ही होय, बाबा? कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि बोलला नाहीत?"

"नाव कानसेन आहे ना," तो म्हणाला.

"गप्प झालेला व्हॉल्व आतून जळतो, हे मला कुणी शिकवलं?"

तो मला फडक्यानं पुसत राहिला. बाईंनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "मग आजपासून दातसेन." तो इतका हसला की मी त्याच्या हातातून खाली पडलो.

आता सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी गाड्या येतात. गिऱ्हाइकं त्याच्यासमोर उभी राहून बोलतात. तोही पुन्हा पहिल्यासारखी बडबड करतो.

तेव्हा मित्रांनो, रंगाचा डबा चमच्यानं उघडा, आम्हाला त्रास देऊ नका. आणि घरातलं बोलकं माणूस गप्प झालं तर बरं झालं म्हणून सोडून देऊ नका. जवळ जाऊन, समोर बसून, काय झालंय ते विचारा.

एक सांगायचं राहिलं. माझ्या मुठीवर आता दातांची आणखी एक ओळ आहे, लहान आणि नवी. बाबा घरी गेल्यावर लेकीनं इंजिन चालू केलं, मला दातांत धरलं आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच वाकून राहिली. तिचे कान अगदी ठणठणीत आहेत.