जप करणारं मशीन

साडूच्या टेबलाभोवती अख्खं वर्कशॉप गोळा झालं होतं. तपासनीस बाईंनी त्याच्या वेल्डिंगच्या सांध्याची एक्स-रे फिल्म उजेडाकडे धरली. "एकही छिद्र नाही!" त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. माझा मात्र जळफळाट झाला.

वीस वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्यांचं वेल्डिंग करतोय. माझ्या सांध्यांत बुडबुडे अडकायचे, टाक्या पाझरून परत यायच्या. आणि हा काल आलेला, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बाटलीतलं पाणी पत्र्यावर पुसतो, नव्या मशीनवर कापड टाकतो, डोळे मिटतो, की सांधा निर्दोष!

"मंतरलेलं पाणी, साडूभाऊ," तो म्हणायचा. "ऐका, मशीनसुद्धा जप करतंय!"

खरंच, त्याच्या हाताखाली मशीन एका लयीत गुणगुणायचं. माझं नुसतं खेकसायचं.

हळूहळू लोक दुखण्याखुपण्यालाही त्याच्याकडून पाणी नेऊ लागले. एके दिवशी तसलीच बाटली माझ्याच घरात दिसली. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून बायको आठवडाभर ते पाणी पीत होती.

"भावजींच्या हाताला गुण आहे," ती म्हणाली. "तुमच्या का पोटात दुखतंय?"

दुखत होतंच, खोटं कशाला बोलू? पण तिला उभं राहिलं की भोवळ येत होती. शिवाय पाण्याचं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगचं हाडवैर. मग याचं पाणी चालतं कसं?

दुसऱ्या दिवशी मी घरची बाटली घेऊन गेलो. सगळ्यांदेखत तिच्यातलं पाणी पत्र्यावर फासलं आणि साडूच्याच मशीनवर सांधा मारला. फोडून बघितला, तर आत चाळणी!

"तुमची श्रद्धा कमी पडली," साडू म्हणाला.

"मग तुम्ही मारा. याच पाण्यानं," तपासनीस बाई म्हणाल्या.

त्याचा हात पुढे होईना. बाईंनी त्याची टेबलावरची बाटली हुंगली. "हे तर अ‍ॅसिटोन, तेल पुसायचं रसायन! लोकांना देता ते नुसतं पाणी!" मशीनवरचं कापड ओढलं, तर खटका 'पल्स'वर. त्या मशीनचं पुस्तक आमच्यापैकी कुणी उघडलंच नव्हतं.

बाईंनी उलगडून सांगितलं, "ओल आणि तेलातून हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. धातू गोठताना त्याचेच बुडबुडे अडकतात. अ‍ॅसिटोननं तेल जातं. आणि पल्समध्ये वीज सेकंदाला कित्येकदा चढते-उतरते. त्यानं वितळलेला धातू ढवळला जातो, बुडबुडे वर येऊन सुटतात. तुमचा जप म्हणजे त्या चढउताराचा आवाज."

मी कोरडा पत्रा अ‍ॅसिटोननं पुसला, तारेच्या ब्रशनं घासला, खटका तसाच ठेवून सांधा मारला. मशीन माझ्याही हाताखाली गुणगुणलं. फिल्मवर दोनच ठिपके आले. म्हणजे साडूपेक्षा दोन जास्त! ते अजून खुपतं. हात त्याचा खरोखर चांगला आहे. "मंत्राचं सोंग कशाला हवं होतं?" मी त्याला विचारलं.

"सगळे मानत होते," तो खाली बघत म्हणाला. "बरं वाटत होतं."

त्याच दिवशी बायकोला डॉक्टरांकडे नेलं. साखर भलतीच वाढली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

हे सगळं मी मत्सरापोटी केलं, कबूल. पण खरं कुणीही, कशाहीपायी शोधलं तरी ते खरंच असतं. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी "हे झालं कसं?" एवढं विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्या शब्दावर औषध सोडू नका.