एकाच स्कॅनचे दोन जबडे

कॉम्प्युटर बंद होता. स्क्रीन काळी, पंखे थांबलेले, सगळं कसं गपगार. गतिगुरूंनी रेशमी रुमाल गुंडाळलेला उजवा तळवा त्या डब्याच्या पाठीवर ठेवला, डोळे मिटले आणि 'हूंऽऽ' असा लांबलचक सूर लावला. आणि काय सांगावं! त्या निपचित यंत्राच्या पाठीमागे एक इवलासा दिवा लुकलुकायला लागला.

"आई गं!" वरच्या मजल्यावरच्या आर्किटेक्टबाई किंचाळल्याच. "बंद आहे ना हो हा?"

"बंदच आहे," कॉम्प्युटरचा मालक दादा म्हणाला. "मी स्वतःच्या हातानं बंद केलाय."

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा छपाईवाला स्टुलावर चढला होता, तळमजल्यावरचे हिशेबनीस दारात चवड्यांवर उभे होते. ज्याच्या त्याच्या हातात फोन, आणि जो तो त्या दिव्याचं चित्रीकरण करतोय.

"प्रत्येक रॅममध्ये एक झोपलेला वेग असतो," गुरू डोळे न उघडता सांगू लागले. "कंपनीनं त्याला बेड्या घातलेल्या असतात. आम्ही फक्त त्याच्या कानात सांगतो, बाळा, ऊठ."

"रॅमला कान कुठे असतात, गुरुजी?" कोपऱ्यातून प्रश्न आला.

विचारणारी होती दादाची बहीण. घरात सगळ्यात लहान म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि तिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. दादानं तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर तोंडाला कुलूपच लागलं असतं.

दादाचंही चुकत होतं असं कसं म्हणावं? माणूस मेटाकुटीला आला होता. ही लॅब दोघा भावंडांची. रोग्याचा स्कॅन यायचा, कॉम्प्युटर त्यावरून हाड उभं करायचा, हाड कुठे आणि कसं कापायचं ते ठरायचं, आणि मग त्या मापाचा साचा छापून सर्जनकडे जायचा. सर्जन तो साचा खऱ्या हाडावर बसवणार आणि त्याच्या खाचेतून करवत चालवणार. आणि या खेपेला स्कॅन होता त्यांच्या मावशीचा.

मावशीच्या जबड्यात गाठ होती. तेवढा तुकडा काढून तिथे तिच्याच पायाच्या हाडाचा तुकडा बसवायचा होता. गाठ वाढतेय म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे ओढलं, परवावर आणलं, आणि लॅबचा कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चाललेला. आई गेल्यावर या दोघांना मावशीनं वाढवलं होतं, दिवसभर शिलाई मशीन चालवून. साचा वेळेत गेला नाही तर काय, हा विचार दादाला घास गिळू देत नव्हता. अशात कुणीतरी गतिगुरूंचं नाव सांगितलं. बुडत्याला काडीचा आधार.

दिवा लुकलुकायचा थांबला. "आता जागं करा," गुरूंनी आज्ञा केली.

दादानं बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. वेळ जाऊ लागला. हिशेबनीस खाकरले.

"कुणी बोलू नका!" गुरूंनी बजावलं. "यंत्र नव्यानं जन्म घेतंय. कळा सोसतंय बिचारं."

आणि उजळली की स्क्रीन! गुरूंनी झटकन एक काळी चादर स्वतःच्या डोक्यावरून आणि स्क्रीनवरून ओढून घेतली. "आता एकांतात संवाद." चादरीखालून टकटक, टकटक आवाज येऊ लागला.

"मंत्र टाइप करावे लागतात वाटतं," धाकटी पुटपुटली. छपाईवाला फिस्सकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

चादर बाजूला झाली. सकाळी सगळ्यांना दाखवला होता तो रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, वेगाचा आकडा अठ्ठेचाळीसशे होता. आता तिथे आठ हजार झळकत होते. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

गुरूंनी दिवा लुकलुकला होता तिथे एक चंदेरी चकती चिकटवली. "हे सील. काढलंत तर यंत्र जळेल. आणि दुसरी आज्ञा. एकच प्रश्न यंत्राला दोनदा विचारायचा नाही. मिळालेल्या उत्तरावर शंका घेतली की वेग रुसतो."

धाकटीच्या काळजात चर्र झालं. कारण लॅबचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ताच तो होता. प्रत्येक स्कॅन दोनदा चालवायचा, दोन्ही उत्तरं एकमेकांवर ठेवायची, आणि तंतोतंत जुळली तरच साचा छापायचा. ही रीत मावशीची. ब्लाउजचं माप ती एकदा डावीकडून घ्यायची, एकदा उजवीकडून. "कात्री लागलेलं कापड माघारी येत नाही गं," म्हणायची.

"या वेळी एकदाच," दादा म्हणाला. "गुरूंनी सांगितलंय."

काम मात्र धडाक्यात झालं. संध्याकाळच्या आतच मावशीचा जबडा स्क्रीनवर तयार. दादाचा चेहरा किती तरी दिवसांनी फुलला होता. तो चहा सांगायला खाली गेला आणि इकडे धाकटीचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून मावशी. गाठीमुळे तिचे शब्द तोंडातच अडखळत होते, पण जिभेची धार तीच.

"झाला का माझा जबडा शिवून?"

"झाला, मावशी."

"अस्तर नीट लाव हो. आणि माप? परत घेतलंस ना?"

धाकटीनं स्क्रीनकडे पाहिलं. "घेते," ती म्हणाली. फोन ठेवला, आणि तोच स्कॅन, त्याच सूचना देऊन, तिनं पुन्हा चालवला.

दादा चहा घेऊन आला तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती. स्क्रीनवर दोन जबडे एकावर एक ठेवलेले. जुळतील तिथे हिरवं, चुकतील तिथे लाल. डावीकडचा कोन लालभडक होता.

"दोन मिलिमीटर," ती म्हणाली.

दादानं कप टेबलावर ठेवला. "तू दोनदा विचारलंस? अगं, रुसला वेग! सांगितलं होतं ना त्यांनी!"

"बरं, मग तिसऱ्यांदा विचारते." तिनं विचारलं. तिसरा जबडा आला तो आणखीच निराळा. "दादा, यातला मावशीचा कुठला?"

दादा एकेका जबड्याकडे पाहू लागला.

"सांग ना. परवा तिच्या हाडावर करवत चालणार आहे. कुठल्या जबड्याची खाच देऊ सर्जनला?"

धाकटी उठली, कॉम्प्युटरच्या पाठीशी गेली आणि तिनं चकतीच्या कडेला नख घातलं. "नको गं!" दादा ओरडला. पण चकती निघाली होती. काही जळलं नाही की धूर निघाला नाही. खाली एक टिचभर बटण होतं, आत दिवा असलेलं. तिनं बटणाचा फोटो काढला, कॉम्प्युटरची मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर शोधलं, आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर वर जाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गतिगुरू आर्किटेक्टबाईंच्या कॉम्प्युटरला 'जागं' करायला आले, तेव्हा दादानं त्यांना आधी लॅबमध्ये बोलावलं. पाठोपाठ गर्दीही आली. काढलेलं सील पाहताच गुरूंचे डोळे गरागरा फिरले.

"कुणी केला हा अपराध?"

"मी," धाकटी म्हणाली. "पण ते राहू द्या. कालचंच पुन्हा करून दाखवा. फक्त रुमालाशिवाय. आणि चादरीशिवाय."

"शक्ती ही काय परीक्षा द्यायची गोष्ट आहे, मुली?" गुरूंनी आवाज खाली आणला, आणि तो खालचा आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "उद्या तुझ्या मावशीचं टेबलावर काही बरंवाईट झालं, तर ते तुझ्या शंकेमुळे. ध्यानात ठेव."

"कशाला गं विषाची परीक्षा?" आर्किटेक्टबाई कुजबुजल्या. मावशीचं नाव घेऊन त्यानं बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. तिनं दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"ठीक आहे," ती म्हणाली, "मग मीच दाखवते. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिनं नखाएवढा पेनड्राइव्ह सगळ्यांना दाखवला, त्या बटणाशेजारच्या खाचेत घातला, तळवा वर ठेवला आणि अंगठ्यानं बटण दाबून धरलं. "हूंऽऽ म्हणू का? नाही म्हटलं तरी चालतं." तिनं हात काढला. बंद कॉम्प्युटरच्या पाठीवर दिवा लुकलुकत होता.

"अरेच्चा!" छपाईवाला स्टुलावरून खालीच आला.

"याला म्हणतात बायोस अपडेट," धाकटी सांगू लागली. "मदरबोर्डच्या अंगात एक छोटी आज्ञावली असते. तिची नवी आवृत्ती कंपनी आपल्या साइटवर ठेवते, कुणीही घ्यावी, फुकट. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीतून वीज येतच असते, तेवढ्यावर ती भरता येते. काल यांनी काय भरलं कोण जाणे, म्हणून मी आता कंपनीची भरतेय. फक्त हा दिवा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. मध्येच गेली तर हा बोर्ड मेला, आणि मावशीचा साचा कशावर करणार?"

हे बोलायला नको होतं, असं तिला त्याच क्षणी वाटलं. कारण गुरू दोन पावलं मागे सरकले होते, भिंतीपाशी, आणि त्यांचा हात स्विचबोर्डाकडे जात होता. "यंत्राला यातना होताहेत," ते म्हणाले, "मी त्याला शांत..."

बोटं स्विचला टेकणार, तोच त्यांचं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं. दादानं.

"हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "माझी मावशी आहे ती."

गुरू हात सोडवू लागले, दादा सोडेना. सगळी खोली त्या टिचभर दिव्याकडे बघत होती. लुकलुक, लुकलुक. दिवा थांबता थांबेना. ओढाताणीत गुरूंच्या बाहीतून रुमाल निसटून खाली पडला आणि त्यातून टणकन काहीतरी फरशीवर उडालं. छपाईवाल्यानं उचललं. तसाच नखाएवढा पेनड्राइव्ह.

"हा घ्या झोपलेला वेग," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

दिवा थांबला. धाकटीनं कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीन काळी. "आता कळा सोसतंय म्हणायचं," ती म्हणाली. "खरं म्हणजे नव्या आज्ञावलीनंतर मदरबोर्ड आणि रॅम एकमेकांचं माप घेतात, म्हणून वेळ लागतो." स्क्रीन उजळली आणि तिनं ती सगळ्यांकडे वळवली. अपडेटनंतर वेग मूळच्या सावकाश आकड्यावर परत आलेला, अठ्ठेचाळीसशे. तिनं चादर न ओढता सगळ्यांसमोर सेटिंग उघडलं. "इथे आकडा वाढवता येतो. याचं नाव ओव्हरक्लॉकिंग. हौशी लोक करतात, पण नंतर तपासून बघतात. आमच्या रॅमवर कंपनीनं सहा हजार छापलंय. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यानं तेवढंही चालू केलं नव्हतं, म्हणून बैलगाडी. आणि यांनी टाकले आठ हजार. वेग खरा आहे हो, कालचं काम भरभरच झालं! पण झेपेना म्हणून रॅम मध्येच एखादा आकडा चुकीचा वाचते. कॉम्प्युटर बंद पडत नाही, कुरकुरत नाही. चुकीचं उत्तर छातीठोकपणे देतो."

मग ती गुरूंकडे वळली. आता तिचा आवाज चढला होता. "आणि हे तुम्हाला माहीत होतं. आधीही कुणाचे तरी आकडे जुळले नसणार. म्हणून तर 'दोनदा विचारू नका'. बाकी सगळी तुमची पोटभरू नाटकं मी हसून सोडली असती. हे नाही सोडणार."

गुरू दाराकडे वळले. दारातली गर्दी दुभंगली, आणि ते गेले ते चादर तिथेच टाकून.

वेग सहा हजारांवर ठेवला. रॅमची तपासणी चालवली, एकही चूक नाही. मावशीचा स्कॅन चालवला, पुन्हा चालवला, दोन जबडे एकावर एक ठेवले. कडेपासून कडेपर्यंत हिरवं. तरी दादा म्हणाला, "आणखी एकदा." संध्याकाळी साचा हॉस्पिटलात पोचला.

ऑपरेशन लांबलं. दोघं बाकावर बसून राहिले. सर्जन बाहेर आले तेव्हा दादा उठला. "साचा चपखल बसला," ते म्हणाले, आणि हा एवढा मोठा गडी ओंजळीत तोंड लपवून रडला.

पुढे बरेच दिवस मावशीला बोलायची बंदी होती, म्हणजे शिक्षा तिला की घरच्यांना हे सांगणं कठीण. बंदी उठली त्या दिवशी तिनं आरशात डावी बाजू पाहिली, उजवी बाजू पाहिली, शिलाई तपासावी तशी बोटानं कड चाचपली.

"फिटिंग बरं आहे," ती म्हणाली. "माप कितीदा घेतलंस?"

"तीनदा," उत्तर दादानं दिलं.

तेव्हा मंडळी, बंद यंत्राचा दिवा लुकलुकला तर खुशाल तोंडात बोट घाला. नवल वाटणं यात काही पाप नाही. फक्त मग ते बोट काढा आणि विचारा, पुन्हा एकदा करून दाखवता का? जो दाखवील त्याच्याकडून शिका. आणि जो म्हणेल, दोनदा विचारायचं नाही, त्याच्या हाती आपल्या माणसाचा जबडा देऊ नका.